घटक ४ : एकच कार्यप्रणाली, अनेक स्मार्टफोन – विवेकी निवडीची रीत

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास –
• एकाच कार्यप्रणालीवर चालणारे फोन परस्परांपासून कोठे वेगळे पडतात, हे सांगता येईल.
• जाहिरातीतील आकड्यांचा नेमका अर्थ लावता येईल.
• फोनची किंमत आणि फोनचा खर्च यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• मराठी वाचन-लेखनाच्या दृष्टीने फोनची पारख करता येईल.
• गरजांना भारांक देऊन तुलनात्मक निर्णय घेता येईल आणि तो मराठीत नेमकेपणाने मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रांनो, मागील घटकात आपण माहितीपर लेखनाचे स्वरूप पाहिले. माहिती गोळा करणे, तिची वर्गवारी करणे आणि ती क्रमाने मांडणे या तीन पायऱ्या तेथे आपण अभ्यासल्या. प्रस्तुत घटकात त्यापुढील पायरी अभ्यासावयाची आहे. ती म्हणजे तुलना. दोन अगदी भिन्न वस्तूंची तुलना करणे सोपे असते. बैलगाडी आणि आगगाडी यांतील फरक कोणीही सांगेल. ज्या वस्तू वरवर सारख्याच दिसतात त्यांच्यातील फरक ओळखणे मात्र कठीण असते, आणि तेथेच विवेचकाची कसोटी लागते.

यासाठी आपण रोजच्या व्यवहारातील एक उदाहरण घेतले आहे. बाजारात एकाच किमतीच्या आसपास पाच-सहा कंपन्यांचे फोन मांडलेले असतात. सर्वांवर अँड्रॉइड हीच कार्यप्रणाली असते. सर्वांत तीच ॲप्स चालतात. दुकानदार म्हणतो, "सगळे सारखेच, रंग बघून घ्या." हे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे विधान हेच अनेकदा अधिक फसवे असते. अनेक घरांत स्मार्टफोन ही एकच वस्तू अभ्यासाची खोली, बँकेचे पासबुक, परीक्षेचा अर्ज आणि दूरच्या नातलगांची खुशाली अशी सर्व कामे करते. तिची निवड चुकली, तर महिना-दीड महिन्याचा पगार तर जातोच, शिवाय पुढील काही वर्षे ती चूक रोज हातात धरून वावरावे लागते. म्हणून हा प्रश्न किरकोळ समजू नये.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ अँड्रॉइड : एका मुळाचे अनेक फाटे

कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचे भाग आणि आपण वापरत असलेली ॲप्स यांच्यामध्ये उभी असलेली व्यवस्था. पडद्यावर बोट ठेवले की ते कोठे ठेवले, त्यानुसार काय उघडावयाचे, स्मृतीतील कोणती जागा कोणाला द्यावयाची, ही सर्व कामे तीच पाहते.

अँड्रॉइड इन्कॉर्पोरेटेड ही कंपनी २००३ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे स्थापन झाली. २००५ मध्ये गूगलने ती विकत घेतली. नोव्हेंबर २००७ मध्ये यंत्रनिर्माते, चिपनिर्माते आणि दूरसंचार कंपन्या यांची 'ओपन हँडसेट अलायन्स' ही संघटना जाहीर झाली, आणि २००८ मध्ये एचटीसी कंपनीने बनवलेला पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सवर उभा आहे आणि तिची मूळ संहिता खुली आहे. म्हणजे कोणतीही कंपनी ती घेऊन, तीत बदल करून आपल्या फोनवर बसवू शकते.

या खुलेपणामुळेच एका मुळाला अनेक फाटे फुटले. आयफोनची कार्यप्रणाली आणि यंत्र दोन्ही एकाच कंपनीची असतात. अँड्रॉइडच्या बाबतीत मात्र कार्यप्रणाली एकाची, चिप दुसऱ्याची, पडदा तिसऱ्याचा आणि फोनवरील नाव चौथ्याचे, असा प्रकार असतो. त्यामुळे 'हा फोन अँड्रॉइड आहे' एवढे सांगितल्याने त्याच्या गुणदोषांविषयी फारच थोडे कळते. एकाच जातीच्या ज्वारीच्या दहा घरच्या भाकरी जशा दहा चवींच्या होतात, तसेच हे आहे.

४.२.२ साम्य कोठे संपते?

तुलना करताना प्रथम साम्य कोठपर्यंत आहे, ते निश्चित करावे. त्याशिवाय भेदांची मोजणी करता येत नाही. अँड्रॉइड फोनचे आपण चार थर कल्पू.

पहिला थर – सामाईक गाभा : ही खुली मूळ संहिता. ती सर्वांत जवळजवळ सारखी असते. फरक असतो तो आवृत्तीचा.

दुसरा थर – गूगलच्या सेवा : प्ले स्टोअर, नकाशे, जीमेल इत्यादी. हा थर खुला नाही. गूगलच्या परवान्याने तो बसवला जातो. हा थर वेगळा आहे, याचा प्रत्यय २०१९ मध्ये आला. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे हुवावे कंपनीच्या नव्या फोनवर गूगलच्या सेवा बसवणे बंद झाले. फोन अँड्रॉइडच्या संहितेवर चालत होते, पण त्यांत प्ले स्टोअर नव्हते. भारतातही या थराची चर्चा झाली. गूगलने अँड्रॉइड क्षेत्रातील आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याचा निष्कर्ष काढून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आपली ॲप्स फोनमध्ये आधीपासून बसवण्याची सक्ती हा त्या प्रकरणातील एक प्रमुख मुद्दा होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा दंड कायम ठेवला आणि आयोगाचे काही निर्देश रद्द केले.

तिसरा थर – निर्मात्याचे आवरण : सॅमसंगचे वन यूआय, शाओमीचे हायपर ओएस, ओप्पोचे कलर ओएस, वनप्लसचे ऑक्सिजन ओएस ही या थराची उदाहरणे होत. रंगरूप, सेटिंगची मांडणी, कॅमेऱ्याचे ॲप, बॅटरी वाचवण्याची पद्धत, आधीपासून भरलेली ॲप्स आणि काही फोनमध्ये येणाऱ्या जाहिरातीदेखील या थरातून येतात. बॅटरी वाचवण्यासाठी एखादे आवरण मागे चालू असलेली ॲप्स फार घाईने बंद करते. मग संदेश उशिरा येतो किंवा गजर वाजत नाही. दोष ॲपचा वाटतो, पण असतो आवरणाचा.

चौथा थर – यंत्र : चिप, स्मृती, पडदा, कॅमेरा, बॅटरी आणि बांधणी.

या मांडणीवरून एक निष्कर्ष निघतो. पहिल्या दोन थरांची स्तुती करणारी जाहिरात आपणास निवडीसाठी काहीच सांगत नाही, कारण ते गुण सर्वांतच आहेत. निर्णय घ्यावयाचा तो तिसऱ्या व चौथ्या थराच्या आधारे.

येथे एक प्रयोग आठवतो. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने 'अँड्रॉइड वन' ही योजना जगात प्रथम भारतात आणली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन कंपन्यांचे स्वस्त फोन त्यात होते. यंत्राचा आराखडा जवळजवळ समान, आवरण नाही आणि अद्ययावतीकरण थेट गूगलकडून, अशी ती कल्पना होती. म्हणजे तिसरा थर काढून टाकून चौथ्यातील भेदही कमी करण्याचा तो प्रयत्न होता. ही योजना मोठी झाली नाही. आपला फोन इतरांपेक्षा वेगळा दिसावा ही निर्मात्याची व्यापारी गरज असते आणि ती या योजनेत भागत नव्हती, हे त्यामागील एक कारण सहज लक्षात येते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) रिकाम्या जागा भरा.
१. अँड्रॉइडचा गाभा ______ वर उभा आहे.
२. वन यूआय हे ______ कंपनीचे आवरण आहे.
(आ) चूक की बरोबर ते सांगा.
३. गूगलच्या सेवांचा थर खुल्या मूळ संहितेचाच भाग आहे.

४.२.३ आकड्यांची भाषा

जाहिरातीची भाषा आपण पुढील सत्रात सविस्तर अभ्यासणार आहोत. येथे तिचे एकच वैशिष्ट्य पाहू. जाहिरात खोटा आकडा क्वचितच सांगते. ती खरा आकडा अपुऱ्या संदर्भासह सांगते. संदर्भ भरून काढणे हे वाचकाचे काम असते.

रॅम : 'रॅम ८ जीबी' असे मोठ्या अक्षरांत लिहून खाली बारीक अक्षरांत '४ + ४' असे लिहिलेले आढळते. यातील पहिले ४ खरी रॅम होय. दुसरे ४ साठवणीच्या जागेतून उसने घेतलेले असतात. साठवणीची चिप रॅमपेक्षा खूप मंद असल्यामुळे ही उसनी रॅम खऱ्या रॅमची जागा घेऊ शकत नाही.

साठवण : '१२८ जीबी' पैकी काही जागा कार्यप्रणाली व आधीची ॲप्स व्यापतात. उरेल ती आपली. शिवाय साठवणीचे प्रकार असतात. ईएमएमसी हा जुना व मंद प्रकार, तर यूएफएस हा वेगवान प्रकार होय. एकाच किमतीच्या दोन फोनमध्ये १२८ जीबी लिहिलेले असूनही एक फोन दोन वर्षांत अडखळू लागतो आणि दुसरा नाही, यामागील एक कारण हे असू शकते.

कॅमेरा : ५० मेगापिक्सेल म्हणजे पाच कोटी बिंदू. परंतु असे बहुतेक कॅमेरे चार-चार बिंदू एकत्र करून सुमारे साडेबारा मेगापिक्सेलचे छायाचित्र देतात. छायाचित्राची प्रत संवेदकाचा आकार, भिंग, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवण्याची सोय आणि प्रक्रिया करणारी आज्ञावली यांवर अधिक अवलंबून असते. २ मेगापिक्सेलचे दोन जादा कॅमेरे हे पुष्कळदा संख्या वाढवण्यापुरते असतात.

पडदा : ७२० × १६०० आणि १०८० × २४०० हे दोन आकडे पाहा. पहिल्यात ११,५२,००० बिंदू आहेत, तर दुसऱ्यात २५,९२,०००, म्हणजे सव्वादोन पट. चित्रपट पाहताना हा फरक फारसा जाणवणार नाही, पण पाठ्यपुस्तकाची पीडीएफ वाचताना मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे किती स्पष्ट दिसतात ते यावरून ठरते. '१२० हर्ट्झ' म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा नव्याने रेखला जातो. त्यामुळे मजकूर सरकताना गुळगुळीत वाटतो. वाचणाऱ्याने मात्र हर्ट्झपेक्षा बिंदू आणि उन्हात दिसण्याइतका उजेड यांना अधिक महत्त्व द्यावे.

बॅटरी : ५,००० एमएएच हा आकडा आता सर्रास आढळतो. सारख्याच बॅटरीवर दोन फोन सारखे तास चालत नाहीत, कारण खर्च करणारी चिप आणि पडदा वेगळे असतात. 'जलद चार्जिंग' असे लिहिले असेल, तर त्यासाठी लागणारा चार्जर खोक्यात आहे का, हेही विचारावे. अनेक कंपन्यांचे सर्वाधिक वेगाचे चार्जिंग त्यांच्याच चार्जरवर व वायरीवर चालते.

५ जी : भारतात ५ जी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. '५ जी' एवढे लिहिलेले पुरेसे नाही. फोन कोणते पट्टे पकडतो ते पाहावे. जिओची ५ जी सेवा स्वतंत्र पद्धतीची आहे, तर एअरटेलने आरंभ केला तो ४ जी जाळ्याचा आधार घेणाऱ्या पद्धतीने. आपल्या गावात जी सेवा पोहोचते, तिचे पट्टे व पद्धत फोनला चालत असली तरच त्या अक्षरांना अर्थ आहे. गावात ५ जी पोहोचलेच नसेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

४.२.४ फोनचे आयुष्य : किंमत आणि खर्च

किंमत एकदा द्यावी लागते. खर्च मात्र वर्षानुवर्षे होत राहतो. तुलनेत सर्वांत दुर्लक्षित राहणारा हा भाग असल्याने येथे आपण थोडे थांबू.

अद्ययावतीकरण दोन प्रकारचे असते. एक म्हणजे कार्यप्रणालीची नवी आवृत्ती. दुसरे म्हणजे सुरक्षेची डागडुजी. पहिले मिळाले नाही तर फारसे अडत नाही. दुसरे मात्र थांबले की फोन कुलूप मोडलेल्या घरासारखा होतो. अँड्रॉइडमधील सुरक्षेच्या त्रुटी व त्यांवरील उपाय गूगल ऑगस्ट २०१५ पासून दरमहा जाहीर करते. एखादी त्रुटी अशी जाहीर झाली की ती साऱ्या जगाला कळते. ज्या फोनला उपाय पोहोचत नाही, तो फोन तेव्हापासून अधिक धोक्यात असतो. ज्या फोनवरून आपण पैशाचे व्यवहार करतो, त्याच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर आहे.

उपाय गूगलने केला, तरी तो आपल्या फोनपर्यंत आणण्याची जबाबदारी मुख्यतः निर्मात्याची असते. येथे कंपन्या-कंपन्यांत आणि एकाच कंपनीच्या महाग व स्वस्त फोनमध्येही मोठा फरक आढळतो. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलक्सी एस २४ साठी सात वर्षांचे आश्वासन दिले. हे दोन्ही महाग फोन होत. स्वस्त फोनांचे आश्वासन पुष्कळदा याहून बरेच कमी असते. म्हणून त्या विशिष्ट मॉडेलचा कालावधी कंपनीच्या अधिकृत माहितीत पाहावा. कंपनीच्या नावावर जाऊ नये.

या आश्वासनात एक मेख असते. कालावधी सामान्यतः ते मॉडेल बाजारात आले त्या दिवसापासून मोजला जातो. आपण ते विकत घेतले त्या दिवसापासून नव्हे. दिवाळीच्या सवलतीत स्वस्त झालेला फोन दोन वर्षांपूर्वीचा असेल, तर त्याच्या आयुष्याची दोन वर्षे दुकानाच्या कपाटातच संपलेली असतात.

दुरुस्तीचाही विचार करावा. लिथियम-आयन बॅटरी वापराने व काळाने क्षीण होते. ते तिच्या रसायनातच आहे. म्हणून चार वर्षे फोन वापरणाऱ्यास एकदा बॅटरी बदलावी लागेल, असे धरून चालावे. अधिकृत सेवा केंद्र किती अंतरावर आहे, पडदा बदलण्यास किती पैसे पडतात, सुटे भाग मिळतात का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोनचे सुटे भाग व अद्ययावतीकरण दीर्घकाळ उपलब्ध ठेवण्याचे बंधन निर्मात्यांवर घातले आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे संकेतस्थळ डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केले. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लक्षात ठेवावा.

वापरलेला फोन घेणार असाल, तर आणखी एक काळजी घ्या. *#०६# दाबल्यावर पडद्यावर येणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक खोक्यावरील व बिलावरील क्रमांकाशी ताडून पाहा. तो क्रमांक केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या सेवेवर तपासा. विक्रेता तपासू देत नसेल, तर तेथूनच परत फिरा.

४.२.५ मराठीची कसोटी

मराठीच्या विद्यार्थ्यासाठी हा मुद्दा केवळ आवडीचा नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) या मानकानुसार मोबाइलमध्ये इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका अधिकृत भारतीय भाषेत लिहिण्याची, तसेच सर्व २२ अधिकृत भारतीय भाषांतील मजकूर वाचता येण्याची सोय अपेक्षित आहे. येथील 'आणखी किमान एक' हे शब्द लक्षपूर्वक वाचा. ती भाषा मराठीच असेल, असे मानक सांगत नाही.

अँड्रॉइडच्या सामाईक गाभ्यात मराठी आहे, आणि मराठीचा कळफलक कोणत्याही फोनवर वेगळा उतरवून घेता येतो. त्यामुळे मराठी टंकलेखनाच्या सोयीत फोनाफोनांत फारसा फरक राहत नाही. फरक पडतो तो पुन्हा तिसऱ्या थरात. सेटिंगमधील सूचना मराठीत पूर्ण भाषांतरित आहेत की निम्म्या इंग्रजीतच सोडल्या आहेत? निर्मात्याने दिलेला टंक देवनागरीला न्याय देतो का? अक्षरांचा आकार मोठा केला, तर वेलांट्या आणि उकार कापले जातात का?

दुकानात उभे राहूनच ही परीक्षा घेता येते. फोनवर पुढील वाक्य टंकून पाहा : 'आचाऱ्यांना आचार्यांचा निरोप सांगा.' स्वयंपाक करणारे आचारी आणि विद्या देणारे आचार्य यांतील भेद येथे केवळ र-काराच्या खुणेने होतो. दोन्ही शब्द सारखेच दिसले किंवा मध्येच तुटलेले हलन्त दिसले, तर तो टंक मराठीसाठी सदोष आहे. त्यापाठोपाठ 'वाङ्मय', 'ॲप', 'दऱ्या' आणि 'दर्या' हे शब्द लिहून पाहा. मग फोनला मराठी मजकूर मोठ्याने वाचावयास सांगा. घरातील वृद्धांना किंवा ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना ही सोय फार उपयोगी पडते. या साऱ्यास दहा मिनिटेही लागत नाहीत.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१. '४ + ४ जीबी रॅम' यातील दुसरे ४ कोठून येतात?
२. अद्ययावतीकरणाचे दोन प्रकार कोणते?
३. आश्वासनाचा कालावधी सामान्यतः केव्हापासून मोजला जातो?

४.२.६ निवडीची रीत : एक उदाहरण

आता वरील सर्व विवेचन एका काल्पनिक उदाहरणात गुंफू. समजा, आपण तालुक्याच्या गावी राहता. दिवसा दुकानात नोकरी करता आणि रात्री अभ्यास करता. घरातील हा एकमेव स्मार्टफोन असणार आहे. आई त्यावरच बचत गटाचे हिशेब पाहणार आहे. फोन निदान चार वर्षे टिकावा अशी अपेक्षा आहे. हाताशी १५,००० रुपये आहेत. समोर तीन फोन आहेत.

फोन 'क' : १३,००० रुपये. १०८ मेगापिक्सेल कॅमेरा. यंदाचेच मॉडेल, सुरक्षेचे आश्वासन दोन वर्षे. सेवा केंद्र ९० किलोमीटरवर.
फोन 'ख' : १५,००० रुपये. कॅमेरा साधारण. यंदाचेच मॉडेल, आश्वासन चार वर्षे. सेवा केंद्र गावातच.
फोन 'ग' : १८,००० रुपये, हप्त्यांनी. चिप व कॅमेरा उत्तम. आश्वासन सहा वर्षे. सेवा केंद्र ६० किलोमीटरवर.

प्रथम खर्चाचा हिशेब करू. 'क' साठी १३,००० भागिले २, म्हणजे वर्षाला ६,५०० रुपये. 'ख' मध्ये बॅटरी बदलाचे १,५०० रुपये मिळवले, तर १६,५०० भागिले ४, म्हणजे वर्षाला ४,१२५ रुपये. 'ग' मध्ये बॅटरीचे २,००० मिळवले, तर २०,००० भागिले ६, म्हणजे वर्षाला सुमारे ३,३३३ रुपये. सर्वांत स्वस्त वाटणारा 'क' सर्वांत महाग ठरला आणि सर्वांत महाग वाटणारा 'ग' स्वस्त ठरला.

पण येथेच थांबू नका. चौकशी केल्यावर कळते की 'ग' हे मॉडेल दोन वर्षांपूर्वी बाजारात आले आहे. म्हणजे शिल्लक वर्षे सहा नव्हेत, तर चार. आता २०,००० भागिले ४, म्हणजे वर्षाला ५,००० रुपये, आणि वर हप्त्यांचे व्याज असल्यास ते वेगळेच. एका तारखेने सारा हिशेब फिरवला. 'ख' पुढे आला.

खर्चाखेरीज इतर गरजाही असतात. त्यांना शंभरपैकी भारांक द्या आणि प्रत्येक फोनला पाचपैकी गुण द्या.

| निकष | भारांक | क | ख | ग |
|---|---|---|---|---|
| सुरक्षेचा शिल्लक कालावधी | ३० | २ | ४ | ४ |
| दुरुस्तीची सोय | २० | १ | ५ | २ |
| बॅटरी | २० | ४ | ४ | ३ |
| मराठी व वाचनसुलभता | १५ | ३ | ४ | ४ |
| साठवण व वेग | १० | २ | ४ | ५ |
| कॅमेरा | ५ | ५ | ३ | ४ |
| भारांक × गुण, एकूण | ५०० पैकी | २५० | ४१५ | ३५० |

या कुटुंबासाठी 'ख' योग्य ठरतो. परंतु हाच तक्ता लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून उदरनिर्वाह करणाऱ्या तरुणाच्या हाती द्या. तो कॅमेऱ्यास ४०, बॅटरीस २०, साठवण व वेगास २०, सुरक्षेस १०, दुरुस्तीस ५ आणि मराठीस ५ असे भारांक देईल. गुण तेच ठेवून बेरीज केली, तर 'क' ला ३६०, 'ख' ला ३६५ आणि 'ग' ला ३९० मिळतात. फोन बदलले नाहीत, गुण बदलले नाहीत. बदलला तो माणूस. म्हणून 'सर्वोत्तम फोन कोणता?' हा प्रश्न अपुरा आहे. 'कोणासाठी आणि किती वर्षांसाठी?' हे शब्द जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

या रीतीची मर्यादाही ध्यानात घ्या. गुण देणारे आपणच असतो. एखादा फोन आधीच मनात भरलेला असेल, तर हात नकळत त्याच्याकडे झुकतो. यावर उपाय एकच. फोन पाहण्यापूर्वी, घरी बसून, ज्यांना तो वापरावयाचा आहे त्या सर्वांना विचारून भारांक ठरवावेत आणि दुकानात ते बदलू नयेत. वरील उदाहरणात आईचे मत न विचारता भारांक ठरवले असते, तर दुरुस्तीच्या सोयीस कदाचित वीसऐवजी पाचच मिळाले असते.

४.३ सारांश

अँड्रॉइड फोनमध्ये सामाईक गाभा, गूगलच्या सेवा, निर्मात्याचे आवरण आणि यंत्र असे चार थर कल्पिता येतात. पहिल्या दोन थरांत साम्य असते, तर भेद शेवटच्या दोन थरांत आढळतात. जाहिरातीतील आकडे खरे असले, तरी त्यांचा संदर्भ वाचकाने भरून काढावा लागतो. फोनची किंमत आणि वार्षिक खर्च या दोन वेगळ्या गोष्टी असून सुरक्षेचा शिल्लक कालावधी व दुरुस्तीची सोय यांवर खर्च ठरतो. मराठी टंक, भाषांतर आणि वाचनसुलभता यांची परीक्षा प्रत्यक्ष घ्यावी. अंतिम निवड वापरणाऱ्याच्या गरजांच्या भारांकावर अवलंबून असते. साम्य निश्चित करणे, भेद शोधणे, निकष ठरवणे आणि भारांक देणे हीच चौकट आपणास दोन शब्दकोशांची, दोन अनुवादांची किंवा दोन वृत्तपत्रांची तुलना करतानाही उपयोगी पडेल.

४.४ पारिभाषिक शब्द

कार्यप्रणाली : यंत्राचे भाग व ॲप्स यांत समन्वय साधणारी मूलभूत आज्ञावली.
मूळ संहिता : आज्ञावली ज्या स्वरूपात लिहिली जाते तो मजकूर.
आवरण : सामाईक कार्यप्रणालीवर निर्मात्याने चढवलेला स्वतःचा थर.
अद्ययावतीकरण : आज्ञावलीत सुधारणा वा दुरुस्ती पोहोचवणे.
संवेदक : प्रकाशाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारा कॅमेऱ्यातील भाग.
टंक : अक्षरांचा विशिष्ट वळणाचा संच, फाँट.
भारांक : निकषाचे सापेक्ष महत्त्व दर्शवणारा अंक.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : १. लिनक्स. २. सॅमसंग. ३. चूक. हा थर गूगलच्या परवान्याने बसवला जातो.
प्रश्न – २ : १. साठवणीच्या जागेतून. २. कार्यप्रणालीची नवी आवृत्ती आणि सुरक्षेची डागडुजी. ३. मॉडेल बाजारात आल्याच्या दिवसापासून.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'सर्व अँड्रॉइड फोन सारखेच' या विधानाचे परीक्षण चार थरांच्या आधारे करा.
२. किंमत व खर्च यांतील भेद आपल्या घरातील एखाद्या वस्तूच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. वृत्तपत्रातील फोनची एक मराठी जाहिरात घ्या. तीतील प्रत्येक आकड्यासमोर कोणता संदर्भ गाळला आहे, ते लिहा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील दोन दुकानांत जाऊन सारख्या किमतीचे तीन फोन पाहा. ४.२.५ मधील शब्द त्यांवर टंकून निरीक्षणे नोंदवा. घरातील सर्वांत वयस्क आणि सर्वांत लहान वापरकर्त्याशी बोलून भारांकांचा तक्ता तयार करा आणि आपला निर्णय सुमारे ३०० शब्दांत, विशेषणे शक्य तितकी टाळून लिहा.